उंबरठ्यावरचं एक मिनिट : बालवाडीत सोडता-नेताना पालकांशी नातं कसं जुळवावं

जूनचा तिसरा आठवडा. बाहेर पाऊस, दारात छत्र्यांची गर्दी. रेनकोटातून निम्मं बाहेर आलेलं एक मूल आईची ओढणी सोडायला तयार नाही. मागे रिक्षाचा हॉर्न वाजतोय आणि आईचं लक्ष घड्याळाकडे, कारण उशीर झाला तर कंपनीत हजेरी कापली जाते. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीजवळच्या बालवाडीत मी बावीस वर्षं ही सकाळ बघतेय. पालकांशी नातं पालकसभेत जुळतं असं मला सुरुवातीला वाटायचं. आता ठामपणे सांगते, ते इथं जुळतं, चपला काढायच्या जागेवर.

साधा हिशेब करा. वर्षात कामाचे साधारण २०० दिवस धरले आणि सोडताना एक मिनिट, नेताना एक मिनिट धरलं, तर एका पालकाशी ४०० मिनिटं बोलणं होतं, म्हणजे ६ तास ४० मिनिटं. पालकसभा वर्षातून तीन आणि प्रत्येकीत एका पालकाच्या वाट्याला दहा मिनिटं धरली तरी अर्धाच तास होतो. तो अर्धा तास आपण आठवडाभर आधी आखतो, आणि हे सहा तास चाळीस मिनिटं मात्र धांदलीत वाहून जातात.

मी हे शिकले ते एका चुकीतून. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, दुपारी घरी सोडायच्या वेळी, सात-आठ पालक दारात उभे असताना मी एका आईला म्हणाले, ‘‘आज पुन्हा चावलाय तो. घरी जरा समज द्या.’’ त्या बाईंची मान खाली गेली. बाकीच्या आयांनी आपापली मुलं जवळ ओढली. दुसऱ्या दिवसापासून ते मूल रिक्षाने यायला लागलं आणि त्याची आई मला वर्षभर दिसली नाही. त्याला घरी धाकटं भावंड झालं होतं हे मला फेब्रुवारीत कळलं, तेही आमच्या बालवाडीतल्या मदतनीस मावशींकडून. दारात मी तोंड सांभाळलं असतं तर ही गोष्ट मला जुलैतच कळली असती.

पुढे लिहिलेल्या पायऱ्या मी आणि माझ्या सहकारी ताईंनी हळूहळू बसवल्या आहेत. एकदम सगळ्या करू नका. एक अंगवळणी पडली की पुढची घ्या.

पहिली पायरी : शाळा उघडण्याआधी घर बघून या

अंगणवाडीताईंच्या कामात गृहभेट असतेच. खासगी बालवाड्यांमध्ये मात्र प्रवेशअर्ज भरला की घराची ओळख झाली असं धरतात. शक्य असेल तर मे अखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक घरी पंधरा मिनिटं जाऊन या. चहा घ्या, खाली बसा, मूल जे खेळणं दाखवेल ते नीट बघा. शाळेच्या दारात पहिल्या दिवशी ‘‘तुझी ती लाल जेसीबी कशी आहे?’’ एवढं विचारलंत की मुलाचा चेहरा बदलतो, आणि त्याच्या आईचाही.

घरी जाणं जमत नसेल तर शाळेतच एकेका कुटुंबाला वेगळी वेळ द्या. भेटीत अर्जावर नसलेल्या गोष्टी विचारून टिपून ठेवा: घरी हाक काय मारतात, सू-शीला कोणता शब्द वापरतो, झोप येते तेव्हा काय करतो, कशाला घाबरतो, रडला तर घरात कोणाकडे जातो. सोडायला कोण येणार आणि न्यायला कोणाकोणाला परवानगी आहे हे लेखी घ्या, फोटोसकट.

घरची भाषा विसरू नका. आमच्याकडे खानदेशातून आलेली कुटुंबं पुष्कळ. ‘‘मनी माय कोठे गयी?’’ असं रडत विचारणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत समजावत बसलं तर ते आणखीच बावरतं. मी अहिराणीची दहा-बारा वाक्यं शिकून घेतली. ती मुलांसाठी शिकले होते, पण दारात उभ्या असलेल्या आजींवर त्यांचा जो परिणाम झाला तो मी कल्पिला नव्हता. ज्या आजी कोपऱ्यात गप्प उभ्या राहायच्या, त्या घरातलं सगळं सांगायला लागल्या.

दुसरी पायरी : दाराची घडी बसवा

बोलायची कितीही इच्छा असली तरी दारात कल्लोळ असेल तर बोलणं होत नाही. पंचवीस मुलं आणि वीस मिनिटं म्हटलं की एका कुटुंबाला ४८ सेकंद येतात. म्हणून आधी वेळ पसरा. एका घंटेला सगळ्यांना बोलावण्याऐवजी साडेआठ ते नऊ अशी खिडकी ठेवा आणि रिक्षाने येणाऱ्या मुलांना शक्यतो तिच्या एका टोकाला घ्या.

मग माणसं वाटून घ्या. दारात एकच ताई, रोज तीच, निदान महिनाभर तरी. तिच्या हातात हजेरीपट नाही, मोबाइल नाही. हजेरी आतली ताई मांडेल. मावशी चपला-दप्तरांच्या कप्प्यापाशी. वर्गात आधीच काहीतरी मांडून ठेवलेलं असावं, मातीचा गोळा, पाण्याचं घमेलं, ठोकळे, म्हणजे आत आलेल्या मुलाला जायला जागा असते. रिकाम्या वर्गात कोणतंच मूल आईला सोडून जात नाही.

बारीकसारीक गोष्टींनी फरक पडतो. पावसाळ्यात छत्र्यांसाठी दाराबाहेर एक बादली ठेवा. एक बुटका बाक ठेवा, मूल त्यावर बसून स्वतः चप्पल काढतं आणि तेवढ्या वेळात तुम्हाला पालकाशी दोन वाक्यं बोलता येतात. आमच्याकडचं निम्मं संभाषण त्या बाकामुळे होतं.

मावशींबद्दल थोडं वेगळं सांगायचंय. बहुतेक मावशी त्याच वस्तीत राहतात, त्यांना घरांची माहिती आपल्यापेक्षा जास्त असते आणि पालक त्यांच्याशी मोकळे असतात. त्यांना या कामात बरोबरीनं घ्या. दारात काय सांगायचं आणि काय अजिबात सांगायचं नाही हे त्यांच्यासोबत बसून ठरवा. ‘‘तुमचा आज लई रडला’’ हे वाक्य मावशी प्रेमानंच बोलतात, पण कामावरून थकून आलेल्या आईच्या रात्रीवर ते बसून राहतं.

तिसरी पायरी : सकाळचा क्रम

आधी मूल. गुडघ्यावर बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर, नाव घेऊन. मग पालक, आणि तेही शक्यतो त्यांच्या नावानं. वर्षभर ‘अमक्याची आई’ म्हणवून घेणाऱ्या बाईला ‘सुनीताताई, या’ असं कोणी म्हटलं की तिची चालच बदलते. आजी-आजोबांना नावानं हाक मारायची नसते, त्यांना आजी-आजोबाच म्हणायचं.

मग एकच प्रश्न, आणि तो ठरलेला: ‘‘रात्र कशी गेली?’’ ‘‘कसं काय?’’ला ‘‘बरंय’’ एवढंच उत्तर येतं. रात्रीबद्दल विचारलं की झोप, ताप, पोट, घरी आलेले पाहुणे, बाबांची रात्रपाळी सगळं दोन वाक्यांत बाहेर येतं. ‘‘काही खाल्लं नाही सकाळपासून’’ हे कळलं तर साडेदहाला ते मूल का चिडचिडतंय याचं कोडं पडत नाही. ऐकलेलं लक्षात ठेवा आणि दुपारी त्याचा धागा परत जोडा. ‘‘सकाळी म्हणालात ना खाल्लं नाही, म्हणून डबा थोडा लवकर उघडला. दोन पोळ्या संपवल्या.’’ आपलं बोलणं आत पोचतं याची पालकांना यानं खात्री पटते.

आता निरोप. इथं जरा थांबून सांगते, कारण जूनमधल्या निम्म्या अडचणी इथल्याच आहेत.

मुलाचं लक्ष नसताना गुपचूप निघून जा असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. मीही दिलाय. त्यानं त्या दिवसाचं रडणं टळतं, पण मुलाला कळतं की नजर हलली की आई नाहीशी होते. मग ते घरीही आईला स्वयंपाकघरात जाऊ देत नाही. त्याऐवजी प्रत्येक घराचा आपला एक छोटा निरोप ठरवून द्या: एक पापा, एक टाळी, ‘‘मी डबा खाऊन झाल्यावर येणार’’ आणि जाणं. घड्याळ न कळणाऱ्या मुलाला ‘साडेबारा’ कळत नाही, ‘डबा, मग गाणी, मग आई’ हे कळतं. आणि एकदा निरोप घेतला की परत वळायचं नाही, खिडकीतून डोकवायचं नाही. हे पालकांना जूनच्या आधीच समजावून सांगा. ऐन रडारडीत सांगितलेलं टोचतं.

मूल आईच्या कडेवरून ओढून घेऊ नका. आईला म्हणा, ‘‘तुम्ही त्याला माझ्याकडे द्या.’’ कृती तीच, पण पहिलीत आपण हिसकावतो आणि दुसरीत आई सोपवते. मुलाला तो फरक कळतो.

काही पालक दारातच म्हणतात, ‘‘रडलास तर टीचर मारतील हं.’’ हे हसण्यावारी नेऊ नका आणि पालकांना टोकूही नका. मुलाकडे बघून शांतपणे म्हणा, ‘‘मी कोणालाच मारत नाही. रडू आलं तर माझ्याजवळ बसायचं.’’ दोघांनाही उत्तर मिळतं आणि कोणाचा अपमान होत नाही.

रडणारं मूल सोडून गेलेल्या आईला अर्ध्या तासाच्या आत निरोप पाठवा, आणि खरा पाठवा. दहा मिनिटं रडला असेल तर दहा मिनिटं म्हणा. ‘‘तुम्ही गेल्यावर लगेच गप्प झाला’’ हे वाक्य खोटं असेल तर कधीतरी उघडं पडतं, आणि त्यानंतर तुमच्या कुठल्याच चांगल्या बातमीवर विश्वास बसत नाही. फोटो पाठवलात तर त्या एका मुलाचाच, आणि त्या एका पालकालाच.

चौथी पायरी : दिवसभरात सांगण्याजोगं एक काहीतरी टिपा

दुपारी दारात ‘‘आज छान राहिला’’ म्हणावं लागतं, कारण दुसरं काही आठवत नाही. खिशात मावेल अशी एक वही ठेवा. रोज पाच मुलांकडे बारकाईनं बघायचं ठरवा, म्हणजे आठवड्यात पंचवीस होतात. बाकीच्यांबद्दल चार शब्द पुरतात.

‘‘छान राहिला’’ आणि ‘‘आज त्यानं डब्याचं झाकण स्वतः उघडलं आणि मग शेजारणीचंही उघडून दिलं’’ यांत काय अंतर आहे ते बोलून बघा. दुसरं वाक्य घरी जातं, रात्री बाबांना सांगितलं जातं, गावी आजीला फोनवर सांगितलं जातं. आपण त्यांच्या मुलाकडे बघतोय याचा तो पुरावा असतो. प्रत्येक वेळी प्रगतीच सांगायला हवी असंही नाही. ‘‘गांडुळाकडे बघत पाव तास बसली होती’’ हेही पुरतं.

पाचवी पायरी : दुपारी काय सांगायचं, काय नाही

मूल ताब्यात देताना माणूस ओळखा. यादीत नसलेलं कोणी आलं, अगदी ‘‘मी सख्खा मामा’’ म्हणालं तरी, घरी फोन झाल्याशिवाय मूल द्यायचं नाही. यात संकोच नको. ज्या मामाला थांबवलं त्याची बहीण संध्याकाळी तुमचे आभार मानते.

पडणं-लागणं झालं असेल तर ते पालकांना दारात दिसता कामा नये. आधी फोन करा: ‘‘घसरगुंडीवरून उतरताना कपाळाला लागलंय, टेंगूळ आलंय, बर्फ लावलाय, आता खेळतोय. डॉक्टरांकडे न्यायचं का ते तुम्ही ठरवा, मी सोबत येते.’’ कसं झालं, तेव्हा कोण तिथं होतं, काय केलं, एवढं सरळ सांगा. सारवासारव केली की पालकांना टेंगळापेक्षा तीच जास्त लागते.

चावणं, मारणं, ढकलणं हे दोन-तीन वर्षांच्या मुलांत होतं. ज्याला चावलंय त्याच्या पालकांना चावणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, त्यांनी खोदून विचारलं तरीही. ‘‘नाव मी सांगणार नाही. उद्या तुमच्या मुलाकडून असं काही झालं तर त्याचंही सांगणार नाही,’’ हे उत्तर बहुतेकांना पटतं. चावणाऱ्याच्या पालकांना संध्याकाळी निवांत वेळी फोन करा, मूल जवळ बसून बोलणं ऐकत नाहीय ना हे विचारून. सुरुवात प्रश्नानं करा: ‘‘घरी सध्या काही नवीन चाललंय का?’’ माझ्या तिसऱ्या वर्षी मी हा एक प्रश्न विचारायला हवा होता.

एक गोष्ट पालकांना आवर्जून समजावून सांगा. दिवसभर शहाण्यासारखं राहिलेलं मूल आई दिसली की भोकाड पसरतं, दप्तर फेकतं. आईला वाटतं शाळेत काहीतरी झालं. तसं नसतं. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं ते आपल्या माणसापाशी मोकळं करतं. हे ऑगस्टच्या आत सांगितलंत तर किती संशय जागच्या जागी विरतात!

उशिरा येणाऱ्या पालकांवर मुलासमोर करवादू नका. पाळी सुटायची वेळ आणि आपली वेळ जुळत नसेल तर ते बसून सोडवायचं गणित आहे. त्या वेळात मूल एकटं दप्तर घेऊन दाराकडे डोळे लावून बसणार नाही, एवढं बघा. मावशींबरोबर ठोकळे भरायला लावा.

सहावी पायरी : जे दारात येतच नाहीत

निम्मी मुलं रिक्षानं, व्हॅननं किंवा आजी-आजोबांबरोबर येतात. रिक्षाकाकांना दुर्लक्षू नका. मूल वाटेत झोपलं, आज गप्प होतं, घरातून रडत निघालं, हे त्यांना माहीत असतं. त्यांना नावानं हाक मारा, विचारा. पण घरची खासगी गोष्ट किंवा तक्रार त्यांच्या हाती पाठवू नका. अशा पालकांना आठवड्यातून एकदा दोन मिनिटांचा फोन करा, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. लिहिणं-वाचणं अवघड जाणाऱ्यांना डायरीत शेरा लिहिण्याऐवजी आवाजी निरोप पाठवा. व्हॉट्सॲपचा गट सुट्ट्या आणि सूचनांपुरताच ठेवा. एका मुलाबद्दलचं काहीही तिथं जायला नको.

दारात कोण येत नाही यावर विचार करताना मला नेहमी बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं, नंतर कोसबाडला नेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नव्हती. घरची धाकटी भावंडं सांभाळणं, गुरं राखणं ही त्यांची कामं होती. ‘पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही’ असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. बालवाडी त्यांनी पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आपण रोज वापरतो, त्याच्या मुळाशी हे आहे. पुढे त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, म्हणजे भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीलाही शिकता यावं. एखादा बाप वर्षभर दिसला नाही की मी आता ‘त्याला पर्वा नाही’ म्हणत नाही. तो रात्रपाळीवर आहे का, हे आधी विचारते. एक वडील सकाळी सातला पाळी संपवून मुलाला सोडायला यायचे. डोळे तांबारलेले. ते बोलत नाहीत म्हणून आम्ही त्यांना तुसडे समजायचो.

सातवी पायरी : अवघड प्रसंग

चिडून आलेल्या पालकाशी दारात वाद घालू नका आणि ‘‘नंतर बोलू’’ म्हणून वाटेलाही लावू नका. ‘‘हे महत्त्वाचं आहे, आज एक वाजता मी फक्त तुमच्यासाठी बसते’’ अशी वेळ द्या आणि ती पाळा.

आई-वडील वेगळे राहत असतील तर मूल कोणाकडे द्यायचं हे लेखी घ्या, न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत ठेवा. दारात कोणाचीही बाजू घेऊ नका. मुलाचं कौतुक दोघांनाही सारखंच सांगा.

मुलाच्या अंगावर न पटणाऱ्या खुणा दिसल्या, किंवा त्याच्या बोलण्यातून काही भलतं जाणवलं, तर मात्र दारात चौकशी करू नका. मुलाला खोदखोदून विचारू नका. जे दिसलं-ऐकलं ते तारीख-वेळेसह लिहा, मुख्याध्यापिकांना सांगा. मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; शाळेची अब्रू, ओळखीचं घर, काहीही आड येऊ देता येत नाही.

आठवी पायरी : शनिवारची वीस मिनिटं

मुलं गेली की आम्ही दोघी ताया आणि मावशी चहा घेऊन हजेरीपट पुढ्यात ठेवतो. प्रत्येक नावापुढे एकच विचारायचं: या आठवड्यात याच्या घरच्यांशी आपण काय बोललो? काहींच्या बाबतीत चार-पाच गोष्टी भराभर आठवतात. त्या पालकांना बोलायला आवडतं, आपल्यालाही त्यांच्याशी सोपं जातं. आणि दर आठवड्याला तीन-चार नावं अशी निघतात की तिघींनाही काही आठवत नाही. बहुतेक वेळा ती शांत मुलं असतात, घाईत येऊन घाईत जाणारी माणसं असतात.

त्या नावांवर पेन्सिलीनं खूण करायची. त्या मुलांबद्दल वहीत काय टिपलंय ते काढायचं, नसेल तर सोमवारी सकाळी आधी त्यांच्याकडेच बघायचं. आणि साडेआठला दार उघडलं की त्या तिघा-चौघांची वाट बघत उभं राहायचं.